४ वर्षांच्या मुलाला ट्रेकला न्यायचंय, किती अंतर ठेवावं?

पहिल्यांदाच नेताय तर जाऊन-येऊन ३ किलोमीटरच्या आत ठेवा आणि त्यालाच अडीच-तीन तास लागतील असं धरून चला. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम आहे ना, तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला वरचा १ तास, तो धडधाकट मोठ्या माणसांसाठीचा आहे. माझ्या दोघांना या वयात नेलंय म्हणून सांगते, मुलं सलग चालतच नाहीत, दहा पावलं धावतात मग मुंगळ्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसतात ती बसतातच, आणि त्यांच्यासाठी खरी मजा तीच असते, प्लीज हाताला धरून ओढू नका. थकवापण हळूहळू येत नाही, आत्ता उड्या मारणारं पोर पाच मिनिटांत "उचलून घे" म्हणतं, म्हणून तो उत्साहात असतानाच मागे फिरा, पॉइंट राहिला तर राहू दे. फक्त एक, पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसवणार असाल तर अंतर वाढवता येतं, पण तुम्ही घामाघूम असताना ते नुसतं बसून गारठलेलं असू शकतं, थंडी-वाऱ्यात अधूनमधून मानेला हात लावून बघत जा.