पॉलिसी मोडून नवे इंजिन घ्यावे का?

हर्णै परिसरातील एका वाचकांचे पत्र आले आहे. मासेमारीबंदीत खाडीत बांधलेल्या त्यांच्या बोटीत जुलैच्या पावसाचे पाणी भरले आणि अठरा वर्षे जुने, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन बुडाले. पाणी उपसून चार-पाचदा सेल्फ मारला, तरी ते सुरू झाले नाही. मेकॅनिकने दुरुस्तीला ६५ हजार आणि नव्या इंजिनाला बसवण्यासह साडेचार लाख सांगितले आहेत. वर्षाला ९६ हजारांचे चार हप्ते भरलेली विमा पॉलिसी मोडल्यास ‘व्याजासकट सव्वाचार लाख’ येतील, तर नवे इंजिन घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. ओघात ते लिहितात, की हप्ता परवडावा म्हणून तीन वर्षांपूर्वी बोटीचा विमा बंद केला, ‘कारण त्याचे पैसे परत मिळत नाहीत’.

आपल्या पत्रातील सर्वांत महाग वाक्य हे शेवटचे आहे. अकरा लाखांच्या ज्या बोटीवर घराची चूल पेटते, तिचा १३ हजारांचा विमा सोडून आपण वर्षाला लाखभर रुपये ‘परत मिळणाऱ्या’ विम्यात घातले. या वेळी इंजिनावर भागले. दोर तुटून बोटच खडकावर गेली असती तर अकरा लाख बुडाले असते आणि पॉलिसीतून एक छदामही मिळाला नसता.

आता ती पॉलिसी पाहू. बँकेतील साहेबांनी ती ‘एफडीसारखी’ म्हणून गळ्यात मारली, पण ती एफडी नव्हे. बारा वर्षांत साडेअकरा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २२ लाख घ्यायचे, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्के दराने ३२ लाखांच्या आसपास जातात. शिवाय आपले काही बरेवाईट झाले, तर कुटुंबाच्या हाती साडेनऊ-दहा लाखच येणार, आणि समुद्रावर जाणाऱ्या माणसाला एवढे संरक्षण पुरेसे नाही.

सव्वाचार लाखांची आशा सोडा. चार हप्त्यांचे ३ लाख ८४ हजार भरले आहेत. आज पॉलिसी मोडल्यास साधारण निम्मे, म्हणजे एक लाख नव्वद हजारांच्या आसपास मिळतील. नव्या इंजिनाला उरलेले अडीच लाख बहुधा दागिने ठेवूनच उभे करावे लागतील. म्हणून मोडण्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज मोडल्यास किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केल्यास, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरती कमी रकमेवर चालू ठेवल्यास, सोळा वर्षांनी किती. आजचे एक लाख नव्वद हजार पीपीएफच्या दराने सोळा वर्षांत साधारण पावणेसहा लाख होतात. म्हणून दुसरा आकडा त्याच्या वर असेल तर पेड-अप करा, खाली असेल तर मोडा. पुढचा हप्ता मात्र कोणत्याही स्थितीत भरू नका.

इंजिनाचे उत्तर थोडक्यात देता येते, पण त्याआधी सेल्फ मारणे आजच थांबवा. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे जबरदस्तीने फिरवलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. आधी इंजेक्टर काढून फ्लायव्हील हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडेल. तेल दुधाळ दिसत असेल तर ते काढून नवे भरावे आणि इंजिन थोडे चालवून पुन्हा बदलावे. टाकीच्या तळचे पाणी सोडावे, फिल्टर बदलून डिझेल लाइनमधील हवा काढावी, सेल्फ आणि अल्टरनेटर उघडून गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. पाणी जितके दिवस आत राहील तितका गंज धरतो, तेव्हा हे काम याच आठवड्यात व्हायला हवे. त्यानंतर दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. ते ठीक असेल तर ६५ हजारांची दुरुस्ती करा. अशा जुन्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स नसते, ही आपली जमेची बाजू आहे. ब्लॉकला तडा किंवा रॉड वाकलेला निघाला, तरच नव्या इंजिनाचा विचार करा, आणि तेव्हाही आधी चांगल्या स्थितीतील जुन्या इंजिनाची चौकशी करा.

आता हिशेब जोडा. दुरुस्ती ६५ हजार, बोटीचा विमा १३ हजार, पन्नास लाखांचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) साधारण १५ हजार: एकूण ९३ हजार, म्हणजे या वर्षी न भरलेल्या एका हप्त्यात हे सारे बसते. व्यवसायाच्या धोक्यामुळे मुदत विमा थोडा महाग पडू शकतो. तरी अर्जात मासेमारी लपवू नका, नाहीतर दावा अडकतो. डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी खेळते भांडवल लागले तर दागिन्यांपेक्षा किसान क्रेडिट कार्ड पाहा. ते मच्छीमारांनाही मिळते आणि वेळेवर फेडल्यास व्याज चार टक्क्यांपर्यंत येते.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर तो थांबवण्याचा अर्ज बँकेत देऊन पोच घ्या. साहेब ‘आता थांबलात तर नुकसान’ असे सांगतील, तेव्हा त्यांच्याकडून ते नुकसान रुपयांत, सहीनिशी लिहून मागा.