खाजकुइलीचं बी आणि गोळीची वेळ

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, आमची आंब्याची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स निघाला. गोळी चालू आहे, पण दुपारी हात अगदीच चालत नाहीत. शेजारचे आबा खाजकुइलीच्या बियांची पूड द्या म्हणतात. देऊ का? आणि तुम्ही उभं आयुष्य या एकाच आजारावर संशोधन केलंत, तरी तो बरा का होत नाही?
— एक वाचक, देवगड

उत्तर : दुसरा प्रश्न झोंबला, म्हणून आधी तोच. मेंदूत खोलवर डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या काळपट पेशी असतात. या आजारात त्या मरत जातात आणि ते मरण थांबवणारं औषध अजून कुणालाच सापडलेलं नाही, मलाही नाही. माझी बरीचशी वर्षं गेली ती ‘गोळी किती वाजता घेतली आणि सोबत काय खाल्लं’ हे विचारण्यात. हे मला शिकवलं हर्णैच्या एका तांडेलांनी. ऐन दुपारी त्यांचे हात आखडायचे आणि मी शहाणी दोनदा डोस वाढवून बसले. नंतर कळलं, गोळी ते माशाच्या कालवणाबरोबर घ्यायचे. गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा, मेंदूत त्याचंच डोपामीन बनतं. मासे, डाळ, दूध यांतली प्रथिनं आणि हा लेव्होडोपा यांना आतड्यातून जायची वाट एकच, त्यात औषध मागे राहतं. गोळी जेवणाआधी तासभर घ्यायला सांगितली. पंधरवड्याने आले, खिशातून नायलॉनचा दोरा काढला आणि माझ्या टेबलावर जाळ्याची गाठ मारून दाखवली.

आता पूड. आबा खोटं सांगत नाहीत. लहानपणी काजू वेचताना ती शेंग अंगाला लागली की आई शेण चोळायची. त्याच शेंगेच्या बियांत लेव्होडोपा असतो. १९३७ सालीच आपल्या देशातल्या संशोधकांनी तो त्यातून वेगळा काढला होता. पार्किन्सन्सवर त्याचा उपयोग कळायला मात्र १९६० चं दशक उजाडलं.

पण म्हणूनच परस्पर देऊ नका. चमचाभर पुडीत औषध किती, हे आबांना ठाऊक नाही, मलाही नाही. शिवाय गोळीत बहुधा कार्बिडोपा असेल. तो पुडीतलाही लेव्होडोपा मेंदूपर्यंत जास्त पोचवतो. मग हातपाय आपोआप वळवळतात, भास होतात, उठताना घेरी येते. पुडीच्या भरवशावर गोळी एकदम बंद करणं तर त्याहून घातक.

तुम्ही पत्रात गोळीची वेळ लिहिलेली नाही. आठ दिवस वेळ, जेवण आणि हात कधी अडतो हे टिपून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. टिपण वडिलांनाच करू दे, बागेच्या हिशेबाच्या वहीत. जुनी पानं शेजारीच असतील, अक्षर किती बारीक झालंय तेही त्यांना दिसेल.