वाचकांचे प्रश्न : इसिसच्या आवारातलं छोटं कुंड

प्रश्न : इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या, मूळ इजिप्तच्या इसिस देवीच्या देवळाच्या नकाशात, आवाराच्या आग्नेय कोपऱ्यात ‘पुर्गातोरियुम’ नावाची छोटी इमारत दाखवतात. हे दुसरं देऊळ होतं का?

उत्तर : नाही. दर्शनी बाजूला त्रिकोणी माथा आहे, भिंतींवर चुन्यातली उठावाची नक्षी आहे, त्यामुळे तसं वाटतं खरं. पण आत शिरलं की पायऱ्या लागतात आणि त्या खाली उतरतात. तळाशी कमानी छताची अरुंद कोठडी आणि तिच्यात पाण्याचं कुंड. थोडक्यात, वरची सजलेली इमारत म्हणजे एका जिन्याचा आडोसा! नाव मात्र फसवं आहे. ‘शुद्धीची जागा’ या अर्थाने ते आधुनिक अभ्यासकांनी दिलंय. ख्रिस्ती पर्गेटरीशी, म्हणजे मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होण्याच्या जागेशी, त्याचा काही संबंध नाही. इमारत कशासाठी होती हे खुद्द तिच्यावरच लिहिलंय म्हणा ना: माथ्याच्या त्रिकोणात मधोमध पाण्याचं भांडं आणि दोन्ही बाजूंनी त्याला वंदन करणाऱ्या आकृत्या. बाजूच्या भिंतींवरच्या मार्स-व्हीनस आणि पर्सियस-अँड्रोमीडा या ग्रीक-रोमन पुराणांतल्या जोड्या पाहून लोक गोंधळतात, कारण त्यांचा इजिप्तशी संबंध लागत नाही. आमच्या मते त्यात गूढ शोधण्यात अर्थ नाही. हे कारागिरांचे रोजच्या सरावातले विषय होते.

प्रश्न : असं कोरडं कुंड सापडलं, तर ते पाण्याचंच होतं आणि धान्याचं वा राखेचं नव्हतं, हे कसं ओळखतात?

उत्तर : आधी गिलावा पाहायचा. रोमन लोक पाण्याच्या जागी चुन्यात भाजक्या मातीचा, म्हणजे विटा-कौलांचा चुरा घालत. त्याने गिलावा गुलाबी दिसतो आणि ओलीतही घट्ट होतो. मग कोपरे पाहायचे. भिंत आणि तळ जिथे भेटतात तिथे काटकोन न ठेवता चुन्याची गोलसर पट्टी भरलेली असते. सांधा तिथेच फुटतो आणि गाळही तिथेच अडकतो, म्हणून ही काळजी. त्यानंतर पाणी येण्याजाण्याचं भोक, आणि पाणी जड असेल तर भिंतीवर साचलेली क्षाराची रेघ. मोठ्या टाक्यांसाठी व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने मापच दिलंय: 5 भाग स्वच्छ, खरबरीत वाळूला 2 भाग अगदी कडक चुना, त्यात एका रोमन पौंडाहून (सुमारे 330 ग्रॅम) जड नसलेली दगडाची खडी, आणि लोखंडी टोकाच्या लाकडी धुमसाने ठोकणं. राखेचा खड्डाही याच आवारात निघाला. त्यात अंजीर, खजूर असल्या फळांचे जळके अवशेष होते. त्यामुळे दोन्हींतला फरक इथे समोरासमोर कळतो.

प्रश्न : जुन्या चित्रांत इथल्या आकृत्या ठसठशीत दिसतात, प्रत्यक्षात चेहरे गेलेले. असं का?

उत्तर : 1764 ते 1766 या काळात हे आवार खणलं गेलं, तेव्हा भिंतींवरची चांगली चित्रं कापून नेली, ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. उठावाचं काम जागेवरच राहिलं आणि तेव्हापासून उन्हापावसात आहे.

नाक, गुडघा, दंड हे भाग आधी का पडतात, ते करण्याच्या पद्धतीत आहे. भिंतीवर वाळू-चुन्याचे थर द्यायचे, वर संगमरवराच्या भुकटीचे, जाडीकडून बारकाईकडे. व्हिट्रुव्हियस दोन्हींचे तीन-तीन थर सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळदा कमीच सापडतात. वरचा थर ओला असताना आकृतीची रेघ टोचून घ्यायची आणि अंग हाताने व लहान थापीने चढवायचं. म्हणजे जे जास्त बाहेर आलंय ते नंतर चिकटवलेलं, आणि जोडच कच्चा. त्यात खणलेल्या भिंतीला छप्पर नाही. पाणी माथ्यावरून आत मुरतं, बाहेर येताना क्षार आणतं, क्षाराचे स्फटिक पृष्ठाखाली वाढतात आणि पापुद्रा ढकलून देतात.

सिमेंटची डागडुजी हा सगळ्यांत वाईट उपाय. सिमेंटमधून ओल सुटत नाही, ती शेजारच्या मऊ जुन्या चुन्यातून वाट काढते. ठिगळ शाबूत राहतं आणि मूळ काम झडतं. लोखंडी खिळे गंजून फुगतात, ते वेगळंच. नीट काम असं होतं: बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पोकळ आवाजाची जागा खूण करायची, बारीक भोकातून धूळ काढायची, आतली बाजू पाणी-अल्कोहोलने ओलवायची आणि पातळ चुन्याचं मिश्रण सुईने थोडं थोडं सोडायचं. घाईने एकदम भरलं, तर त्या वजनानेच पापुद्रा सुटतो. (हे काम संवर्धकांचं. पाहुण्यांनी भिंतीला हात लावू नये.)

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाने हे देऊळ बांधलं, हे खरं का?

उत्तर : शिलालेख तसंच म्हणतो. भूकंपात (इ.स. 62) पडलेलं देऊळ नुमेरियुस पोपिदियुस सेल्सिनुसने पायापासून स्वखर्चाने उभारलं आणि सहाव्या वर्षी त्याला नगरसभेत विनाशुल्क घेतलं गेलं. पैसा अर्थातच बापाचा. बाप मुक्त झालेला गुलाम असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तशा माणसाला सभेत बसता येत नसे, मुलाला येई.

प्रश्न : कुंडातलं पाणी खरंच नाईलचं होतं?

उत्तर : भक्तांच्या लेखी, हो. रोमन उपहासकवी जुव्हेनाल एका बाईची टर उडवतो, की देवळात शिंपडायला ती थेट नाईलकाठच्या दूरच्या मेरोए शहराहून पाणी आणेल. म्हणजे आणण्याची कल्पना लोकांना ठाऊक होती. पण चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यावर भाष्य लिहिणारा सर्व्हियुस नेमका शब्द वापरतो: इसिसच्या देवळात शिंपडलेलं पाणी नाईलचं आहे असं ‘म्हटलं जाई’.