वाचकांचे प्रश्न : वजनच नसेल तर थर बसतो कसा?

सातपूर, नाशिक : आमच्या वर्कशॉपमध्ये थ्रीडी प्रिंटरवर एबीएस प्लास्टिकचे जिग (काम जागेवर धरणारे साचे) छापतो. अंतराळ स्थानकातही असं छापतात, पण तिथे वजन नाही, मग नोझलमधून निघालेलं प्लास्टिक तरंगत का नाही?

ते तुमच्याकडेही वजनामुळे बसत नाही. नोझल आणि बेड (ज्यावर भाग छापतात तो पाट) यांच्यात पहिल्या थराला जेमतेम ०.२ मिमी फट असते. धागा त्या फटीत दाबला जातो आणि खाली चिकटतो. इतक्या बारीक धाग्यावर चिकटपणाची पकड वजनापेक्षा कितीतरी जास्त असते.

पडताळायचं असेल तर मशीन उलटं टांगून छापा. बेड क्लिपांनी आवळा, प्लास्टिकच्या धाग्याचं रीळ आपोआप उलगडणार नाही इतपत त्याला ब्रेक लावा आणि झेडचा, म्हणजे नोझलच्या उंचीचा, शून्य पुन्हा घ्या. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. उलटं केल्यावर नोझलच्या हेडचं वजन त्याला वर-खाली करणाऱ्या लीडस्क्रूच्या नटाच्या दुसऱ्या बाजूवर येतं आणि आट्यातली ढिलाई नोझलला तेवढंच सरकवते. मग पहिला थर एकतर सुटतो, नाहीतर बेडवर चेपला जातो.

स्थानकावरही अडचण आली ती याच फटीमुळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथला पहिला एबीएसचा भाग छापला, तोच ट्रेला, म्हणजे तिथल्या बेडला, अपेक्षेपेक्षा घट्ट चिकटला. वजनरहिततेचा परिणाम असावा अशी शंका होती. पण जमिनीवरच्या नमुन्यांशी तुलना केल्यावर फरकाचं मूळ नोझल-ट्रे अंतरात निघालं. म्हणून आमचा आग्रह : छपाई बिघडली की आधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, कारणं नंतर शोधा.

तिथे खरा बदल होतो तो उष्णतेचा. गरम हवा आपसूक वर जात नाही, त्यामुळे भागाभोवतीची हवा पंख्याने हलवावी लागते. बंद केबिनमध्ये एबीएसच्या वाफा साचू नयेत म्हणून फिल्टरही हवाच.

पंचवटी, नाशिक : कॉलेजच्या छोट्या उपग्रहासाठी घरच्या प्रिंटरवरचा ब्रॅकेट चालेल का?

आकार जुळतोय की नाही ते पाहायला चालेल. उड्डाणासाठी चाचणीशिवाय नको. निर्वातात प्लास्टिकमधून वाफा सुटतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर बसतात. नेहमीची कसोटी अशी : निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून वजनातली घट १ टक्क्यापर्यंत, थंड पृष्ठावर जमणारा अंश ०.१ टक्क्यापर्यंत.

नाशिकच्या पावसाळ्यात उघडं ठेवलेलं रीळ ओलावा धरतंच. नोझलपाशी चरचर ऐकू आली, धाग्यात फुगे दिसले, की थांबा. एबीएस ८० अंशांवर चारेक तास वाळवा, मगच छापा. भागाच्या आतली जाळी बंद खणांची ठेवू नका. अडकलेली हवा निर्वातात भिंतींवर दाब देते. प्रत्येक पोकळीला भोक ठेवा.

अंबड, नाशिक : धातूही तिथे छापतात का?

हो. युरोपीय अंतराळ संस्थेचा स्टेनलेस स्टीलचा प्रिंटर जानेवारी २०२४ मध्ये स्थानकाकडे निघाला आणि मे अखेरीस त्याने पहिली एस आकाराची रेघ ओढली. त्यात पावडर नाही, तार वापरतात. मिग वेल्डिंग (आर्कने तार वितळवून जोडणं) करणाऱ्याला ही रीत लगेच समजेल, फक्त आर्कच्या जागी लेझर. पावडर वजनाशिवाय थरात स्थिर राहत नाही, आणि केबिनमध्ये पसरली तर श्वासात जाते, पेटूही शकते. सुमारे १४०० अंशांवर वितळणाऱ्या स्टीलला ऑक्सिजन लागू नये म्हणून छपाई बंद पेटीत, नायट्रोजनमध्ये होते.