अमेरिकेचे सेनेटर पीट डोमेनिची यांची कारकीर्द नेमकी कशासाठी लक्षात ठेवावी?

मानसिक आजाराला आरोग्य विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीनं वागवायला लावलं, यासाठी. एरवी ते रिपब्लिकन पक्षातले काटकसरीचे पुरस्कर्ते. सेनेटच्या अर्थसंकल्प समितीचे अनेक वर्षं अध्यक्ष होते आणि सरकारी तूट कमी करा हा त्यांचा कायमचा आग्रह. इटलीहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी १९३२ मध्ये अल्बुकर्कीत जन्म, घरचा धंदा किराणा मालाचा. १९७० मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, पण १९७३ ते २००९ अशी सलग ३६ वर्षं न्यू मेक्सिको राज्याचे सेनेटर राहिले. हा माणूस डाव्या विचारांचे सेनेटर पॉल वेलस्टोन यांच्यासोबत या बरोबरीच्या कायद्यांसाठी उभा राहिला, कारण दोघांनीही मानसिक आजार घरात पाहिला होता: डोमेनिचींच्या मुलीला स्किझोफ्रेनिया, वेलस्टोन यांच्या भावाला गंभीर मानसिक आजार. मला हीच गोष्ट त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यात मोलाची वाटते.

कायद्यांचा मजकूर पाहिला की कामाचा आवाका कळतो. १९९६ च्या कायद्यानं फक्त विम्यातून मिळणाऱ्या वार्षिक आणि आजीवन रकमेची मर्यादा दोन्ही आजारांसाठी सारखी केली. विमा कंपन्या मग रुग्णालयातले दिवस आणि डॉक्टरांच्या भेटी मोजून अडवू लागल्या. ती पळवाट २००८ च्या कायद्यानं बुजवली, वेलस्टोन यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. एक मात्र ध्यानात घ्या: विम्यात मानसिक उपचार असलेच पाहिजेत असं तोही कायदा म्हणत नाही, असतील तर बरोबरीचे हवेत, एवढंच सांगतो.