मुलीची ब्लड टेस्ट आणि मागच्या वेळची थाप

"मावशी, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिची ब्लड टेस्ट होती, रडेल म्हणून मी 'डॉक्टर फक्त घसा बघणार' असं सांगून नेलं. शीर सापडेना, तीनदा टोचलं, मी आणि अजून दोघींनी तिला बेडवर दाबून धरलं. ती ओरडत होती, आई तू खोटं बोललीस. आता आठ दिवसांनी परत टेस्ट आहे. हल्ली घराबाहेर पडताना रोज विचारते, सुई आहे का? नवरा म्हणतो सांगूच नको, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. मला तर रक्त बघूनच गरगरतं. मग यांनाच पाठवू का? की परत काहीतरी सांगून नेऊ?"

अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या "सुई आहे का"पाशीच अडकले. सुईची भीती तर आहेच तिला, पण त्याहून मोठं म्हणजे आई चल म्हणते तेव्हा नक्की कुठे नेतेय हेच तिला आता कळेनासं झालंय. म्हणून परत थाप मारून नेऊ नकोस. मी तुला बोल लावत नाहीये, मीही माझ्या मुलाला "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगून नेलं होतं आणि त्याला खूप दुखलं, मग कितीतरी दिवस मी औषधाचा चमचा पुढे केला तरी तो चमच्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचा, आई खरं बोलतेय का ते शोधत. ती नजर मला अजून आठवते.

आधी तिची माफी माग, आजच. "मागच्या वेळी मी तुला खरं सांगितलं नाही, माझं चुकलं. आता सुई असेल तेव्हा मी आधी सांगेन, आणि नाही म्हणाले तर खरंच नसेल." एवढंच बोल, आणि रडत बोलू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत काढावी लागेल. टेस्टचं मात्र आठ दिवस आधीपासून घोकू नकोस, एक दिवस आधी सांगितलं तरी पुरे. मधल्या दिवसांत तिने विचारलं की "आज नाही" म्हण, आणि थेट विचारलं की परत कधी आहे का, तर आहे म्हणून सांगून टाक.

सांगताना जे होणार ते क्रमाने सांग. दंडाला पट्टा बांधतील तो आवळेल, कापूस फिरवतील तो गार लागेल, मग सुई टोचेल तेव्हा दुखेल, मग सुई काढून पट्टी लावतील. आणि एक गोष्ट जी मुलं बोलून दाखवत नाहीत, बऱ्याच जणांना वाटतं आपलं सगळं रक्त काढून घेणार! वीसेक किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असतं आणि एका ट्यूबमध्ये जातं ते २ ते ४ मिली, म्हणजे छोटा चमचाभरही नाही. घरात पाण्याने चमचा भरून दाखव, शेजारी दीड लिटरची बाटली ठेव, आणि अंगात नवीन रक्त तयार होत राहतं हेही सांग.

आता दाबून धरण्याचं. आडवं पाडून तिघींनी धरलं की मुलांना सुईपेक्षा त्याचीच जास्त दहशत बसते. त्यापेक्षा तिला मांडीवर बसव, तोंड तुझ्याकडे, छातीशी घट्ट मिठी, आणि एकच हात बगलेतून बाहेर, तो लॅबवाल्यांनी नीट धरायचा. मिठी म्हणजे मिठीच राहते आणि हातही हलत नाही. कुठला हात द्यायचा, सुईकडे बघायचं का नाही, हे तिला ठरवू दे, पण "करूया का टेस्ट?" असं विचारू नकोस, कारण त्याला नाही म्हणायची सोय नाहीये ना.

आणि टोचताना "काही नाही, काही नाही झालं" हा जप नको गं. यावर अभ्यास झालेत, आपण जितकं असं म्हणतो तितकं बऱ्याच मुलांना वाटतं की नक्कीच काहीतरी भयंकर चाललंय. त्यापेक्षा तिला हळूहळू लांब फुंकर मारायला लाव, किंवा तिची आवडती गोष्ट मुद्दाम चुकीची सांग म्हणजे ती तुला दुरुस्त करत बसेल.

नवऱ्याला सांग, दोन मिनिटांचा प्रश्न मागच्या वेळीही होता, आणि त्या दोन मिनिटांचं ती अजून रोज दारात विचारतेय. त्यांना खरंच मदत करायची असेल तर आधी लॅबला फोन करून विचारू दे, लहान मुलांचं रक्त काढायची सवय असलेलं कोण कधी असतं, बटरफ्लाय नीडल (दोन्ही बाजूंना पंख असलेली बारीक सुई) वापरतील का, आणि स्पष्ट सांगू दे की दोनदा नाही जमलं तर थांबायचं, दुसऱ्या कोणाला बोलवायचं. हे आपण मागू शकतो, यात उद्धटपणा काही नाही. पाणी चालणार असेल (उपाशीपोटी टेस्टलाही बहुतेक वेळा साधं पाणी चालतं, पण विचारून घ्या) तर तिला भरपूर पाजा, आणि हात गरम ठेवा, शिरा वर येतात.

तू जावंस का? तिला तू हवी असशील तर जा. रक्त बघून गरगरतं तेव्हा काही जणांचं बीपी आणि ठोके एकदम खाली येतात म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर एक साधा उपाय आहे, मांड्या, पोट, हात आवळून धरायचे, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचे आणि परत. आठवडाभर रोज कर. आणि ती मांडीवर असताना ट्यूबकडे बघू नकोस, तिच्या केसांकडे बघ. तरीही नाहीच जमणार वाटलं तर त्यांना पाठव, पण मिठीची प्रॅक्टिस त्यांच्याकडून करून घे आणि बाबा आत येणार हे तिला आधी माहीत असू दे.

एक राहिलं, बधिर करायची क्रीम मिळते, लिडोकेन आणि प्रिलोकेनची. डॉक्टरांना विचारून घे, तिच्या वयाला किती आणि किती वेळ ते तेच सांगतील, साधारण तासभर आधी लावून वरून झाकायची असते, लॅबमध्ये बसल्यावर लावून उपयोग नाही. मागच्या वेळी शीर सापडली नव्हती ना, म्हणून दोन-तीन जागी लावायची का तेही विचार. टोचणं खूप कमी जाणवतं पण हात लावलेला कळतो, कातडी थोडा वेळ पांढुरकी दिसते. आणलीस की आधी स्वतःच्या हाताला लावून बघ, म्हणजे तिने विचारलं की कसं वाटतं, तर तुला खरं सांगता येईल.