रेंजवर मस्त, कोर्सवर बोंब: मनच कच्चं आहे का?

गोल्फ खेळणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांचं रडगाणं एकच असतं, रेंजवर (म्हणजे सरावाच्या मैदानावर) बॉल झकास लागतो आणि कोर्सवर गेलं की सगळी बोंब. मागे एक काका आले होते (ओळख पटेल असं सगळं बदललंय), रिटायर झाल्यावर गोल्फचं वेड लागलेलं. म्हणाले, "मॅडम, प्रॅक्टिसला सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) सरळ जातो हो, पण मॅचमध्ये एकतर जमीन खणतो नाहीतर बॉल टॉप होतो, पार्टनर म्हणतात तू प्रेशर घेतोस, मेडिटेशन पण सुरू केलं, माझं मनच कच्चं आहे का?"

मी विचारलं, प्रॅक्टिस कशावर करता? तर म्हणे मॅटवर, म्हणजे नकली गवताच्या चटईवर.

हे समुपदेशकाने कशाला विचारायचं असं वाटेल, पण इथेच अर्धं उत्तर असतं. मॅटवर क्लब बॉलच्या इंचभर मागे आदळला तरी रुतत नाही, घसरून पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. गवतावर तोच स्विंग मातीत अडकतो. म्हणजे चूक दोन्हीकडे तीच, मॅट फक्त चुगली करत नाही.

काकांच्या परवानगीने त्यांच्या कोचशी बोलले. कोचनी व्हिडिओ दाखवला, काका उजव्या हाताचे, पण फटक्याच्या क्षणी सगळं वजन उजव्याच पायावर, मनगटं वाकवून बॉल खालून उचलायला बघतायत. त्यामुळे स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो, मग क्लब आधी जमिनीला लागतो किंवा वर येता येता बॉलच्या डोक्यावर बसतो. खरं तर बॉल उचलायची गरजच नाही, सेव्हन आयर्नला 30 अंशांच्या आसपास लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, असतोच, तो आपलं काम करतो. आपण वजन डाव्या पायावर नेऊन आधी बॉल, मग जमीन एवढंच करायचं.

कोचनी त्यांना मॅटवरून उठवलं. गवतावर चुन्याची रेघ, बॉल नाही, नुसते अर्धे स्विंग, आणि माती कुठून उडते ते बघायचं. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे डिवट (क्लबने गवत उडून पडलेला खड्डा) सुरू झाला तर बरोबर, मागे झाला तर वजन मागेच राहिलंय. यात "माझं मन" वगैरे काही येत नाही, जमीन सांगते, आणि काकांची निम्मी भीती तिथेच गेली.

उरलेलं काम माझं. काका शॉट मारताना डोकं खाली, कोपर सरळ, खांदा असा असं सगळं मनात म्हणायचे, आणि डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून बॉलपर्यंत येणं, होतो साधारण पाव सेकंदात, त्यात काय काय सांभाळणार! 1999 मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचे पिच शॉट (जवळून मारायचे उंच फटके) शिकवून बघितले होते, स्वतःच्या हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे जास्त अचूक निघाले. म्हणून आम्ही सगळ्या सूचना काढून एकच ठेवली, बॉलच्या पुढचं गवत कापायचं. आधी एक सावकाश श्वास, की मारायचं, जास्त वेळ उभं राहायचं नाही.

आयर्न आता बरे बसतात. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबला) मात्र ही सूचना वापरू नका हं, तिथे बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि क्लब किंचित वर जाताना लागलेला चालतो. काकांनी उत्साहात तिथेही गवत कापलं होतं, कोचचा फोन मला आला!